अक्षर बदललं की जबाबदारी बदलते

अमेरिकेत विमान चालवायला शिकणाऱ्यांसाठी हवाई क्षेत्रांच्या वर्गांची ओळख

फ्लोरिडा, टेक्सस किंवा ॲरिझोनातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झालेल्या मुलामुलींच्या हाती सुरुवातीलाच एक तक्ता पडतो. ए, बी, सी, डी, ई आणि जी असे हवाई क्षेत्राचे सहा वर्ग आणि प्रत्येकापुढे उंची, दृश्यमानता, ढगांपासूनचं अंतर, रेडिओ, ट्रान्सपाँडर. तक्ता पाठ होतो, लेखी परीक्षेत मार्कही मिळतात. पण चेकराइडच्या, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणपरीक्षेच्या, वेळी परीक्षक चार्टवर बोट ठेवून विचारतो, ‘तुम्ही इथे आहात, उंची ३,००० फूट, समोर ढग आहेत. आता काय कराल?’ तेव्हा पाठ केलेले आकडे एकमेकांत मिसळायला लागतात.

हा तक्ता एकाच प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचावा. या जागी दोन विमानांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचं काम कोणाचं? तुमच्या डोळ्यांचं, की रडारसमोर बसलेल्या नियंत्रकाचं? जी-कडून ए-कडे जावं तसं हे काम डोळ्यांकडून नियंत्रकाकडे सरकत जातं. नियंत्रक जितकी जबाबदारी अंगावर घेतो, तितक्या अटी घालतो. आधी बोला, मग परवानगी घ्या, मग अमुक उपकरण विमानात असू द्या. बाकीचे बहुतेक नियम यातूनच निघतात, आणि कारण कळलं की आकडे लक्षात ठेवणं सोपं जातं.

नियमांमागचे अपघात

३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर टीडब्ल्यूएचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि युनायटेडचं डीसी-७ ही प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली. १२८ माणसं गेली. दोन्ही विमानं अनियंत्रित आकाशात होती, म्हणजे दुसरं विमान दिसणं न दिसणं सर्वस्वी वैमानिकांच्या नजरेवर होतं. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, नवा कायदा झाला आणि त्यातून आजच्या एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा, जन्म झाला.

३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस इथे एक छोटं पायपर विमान परवानगी न घेता मोठ्या विमानतळाच्या राखीव क्षेत्रात शिरलं आणि एरोमेक्सिकोच्या डीसी-९ वर आदळलं. जमिनीवरच्या १५ जणांसह ८२ जण मृत्युमुखी पडले. पायपरचा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला उत्तर देणारं उपकरण, उंची सांगणारा नव्हता. मोठ्या विमानतळांभोवती उंची सांगणारा, म्हणजे मोड सी, ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा बसली, त्यामागे हा अपघात आहे.

आजची अक्षरं अमेरिकेने १६ सप्टेंबर १९९३ पासून वापरायला घेतली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या यादीत ए ते जी असे सात वर्ग आहेत. अमेरिकेने त्यांतला एफ घेतलेला नाही.

आधी दोन फरक पक्के करा

पहिला फरक उड्डाणाच्या पद्धतीचा. बाहेर पाहून, जमीन आणि क्षितिज नजरेसमोर ठेवून उडणं म्हणजे व्हीएफआर. उपकरणांवर विसंबून, फ्लाइट प्लॅन आणि एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, क्लिअरन्सवर उडणं म्हणजे आयएफआर. प्रशिक्षणाचा मोठा काळ तुम्ही व्हीएफआरच उडणार आहात.

दुसरा फरक उंचीचा. समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे एमएसएल, पायाखालच्या जमिनीपासूनची म्हणजे एजीएल. अल्टिमीटर तुम्हाला एमएसएल दाखवतो, नियमांतले कितीतरी आकडे मात्र एजीएलमध्ये आहेत. फ्लोरिडात जमीन जवळजवळ समुद्रसपाटीला असल्यामुळे हा फरक जाणवतच नाही. ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट विमानतळाची उंची ५,०४५ फूट आहे. क्लास डी साधारणपणे विमानतळापासून २,५०० फुटांपर्यंत असतो, म्हणजे प्रेस्कॉटला अल्टिमीटर साधारण ७,५०० दाखवीपर्यंत तुम्ही क्लास डीमध्येच असता. चार्टवर हा आकडा चौकटी कंसात शेकड्यांमध्ये छापलेला असतो. ७,५०० फुटांसाठी नुसतं ७५.

क्लास जी: सगळं तुमच्यावर

क्लास जी म्हणजे अनियंत्रित आकाश. हे बहुतेक ठिकाणी जमिनीपासून ७०० किंवा १,२०० फूट एजीएलपर्यंतच असतं. इथे एटीसी विमानांना वेगळं ठेवत नाही, परवानगी लागत नाही, नियमाने रेडिओही लागत नाही. दिवसा १,२०० फूट एजीएलपर्यंत उडताना एक स्टॅट्यूट मैल दृश्यमानता आणि ढगांच्या बाहेर राहणं एवढं पुरतं.

इतकी मोकळीक आहे, कारण इथे उपकरणांवर उडणारी विमानं क्वचितच असतात, असं गृहीत धरलेलं आहे. पण हे गृहीतक तुमचं रक्षण करत नाही. टॉवर नसलेल्या विमानतळावर उतरताना त्या विमानतळाच्या सामाईक फ्रिक्वेन्सीवर तुम्ही कुठे आहात, कोणत्या धावपट्टीकडे निघाला आहात, हे दहा मैलांपासून बोलत या. वेगळी खूण नसेल तर वळणं डावीकडची. आणि समोरचा बोलत नाही म्हणजे समोर कोणी नाही, असं कधी समजू नका. त्याच्याकडे रेडिओ नसणंही कायदेशीर आहे.

शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. एक मैलाची सवलत सोलो उडणाऱ्या विद्यार्थ्याला नाही. कोणताही वर्ग असो, विद्यार्थ्याला दिवसा किमान तीन मैल आणि रात्री पाच मैल दृश्यमानता हवी, आणि जमीन दिसत असायलाच हवी.

क्लास ई: नियंत्रित, पण तुमच्याशी न बोलता

अमेरिकेच्या आकाशाचा मोठा हिस्सा क्लास ई आहे आणि विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. नाव ‘नियंत्रित’, पण व्हीएफआर वैमानिकाला ना परवानगी लागते, ना रेडिओ. मग नियंत्रण कोणावर? आयएफआर विमानांवर. एटीसी इथे आयएफआर विमानांना एकमेकांपासून दूर ठेवतं. आयएफआर आणि व्हीएफआर विमान यांच्यामधलं अंतर मात्र दोन्ही वैमानिकांच्या डोळ्यांवर सोडलेलं आहे.

म्हणूनच इथे ढगांपासून अंतर राखायचं. ढगातून बाहेर पडणाऱ्या आयएफआर विमानाला तुम्ही दिसायला आणि तुम्हाला ते दिसायला थोडा वेळ हवा. १०,००० फुटांखाली तीन मैल दृश्यमानता, ढगांच्या वर १,००० फूट, खाली ५०० फूट आणि बाजूला २,००० फूट. विद्यार्थी हे ‘थ्री वन-फिफ्टी-टू’ असं लक्षात ठेवतात, म्हणजे तीन सेसना १५२. १०,००० फुटांवर २५० नॉटची वेगमर्यादा संपते, विमानं वेगात येतात आणि अंतरही वाढतं. पाच मैल दृश्यमानता, वर-खाली हजार-हजार फूट, बाजूला एक मैल. याची खूण ‘फाइव्ह वन-इलेव्हन’.

हे आकडे किमान आहेत, सुरक्षित नाहीत. तुमचं सेसना ९० नॉटने चाललंय आणि ढगातून समोरच २५० नॉटने एक जेट बाहेर पडलं, तर २,००० फूट साधारण साडेतीन सेकंदांत संपतात.

क्लास ईचा तळ कुठे, हे चार्ट सांगतो. कडेला फिकट होत जाणारी मजेंटा पट्टी असेल तर पट्टीच्या आत ई ७०० फूट एजीएलपासून. तुटक मजेंटा रेघ असेल तर आत जमिनीपासूनच ई. यांपैकी काहीच नसेल तर बहुतेक ठिकाणी १,२०० फूट एजीएलपासून. वर १८,००० फुटांपर्यंत ई चालतो, आणि ६०,००० फुटांच्याही वर पुन्हा ईच आहे.

क्लास डी: टॉवरशी बोलल्याशिवाय आत नाही

टॉवर असलेल्या मध्यम आणि छोट्या विमानतळांभोवती क्लास डी असतो. चार्टवर तुटक निळी रेघ, त्रिज्या साधारण चार नॉटिकल मैल, उंची २,५०० फूट एजीएलपर्यंत. अनेक फ्लाइंग स्कूल अशाच विमानतळांवर आहेत.

आत शिरण्याआधी टॉवरशी दुतर्फी संवाद झालेला असला पाहिजे. संवाद झाला असं केव्हा धरायचं? नियंत्रकाने तुमचं कॉल साइन उच्चारलं की. ‘सेसना वन टू थ्री अल्फा ब्राव्हो, स्टँडबाय’ असं ऐकलंत तर संवाद झाला, तुम्ही आत जाऊ शकता. ‘हाक मारणाऱ्या विमानाने थांबावं’ असं कॉल साइन न घेता म्हटलं असेल तर संवाद झालेला नाही, बाहेरच घिरट्या घाला. आणि कॉल साइन घेऊन ‘बाहेर राहा’ म्हटलं असेल तर बाहेरच राहायचं. कॉल साइन ऐकलं म्हणजे दार उघडलं, असा अर्थ तिथे काढता येत नाही.

टॉवर धावपट्टीचा क्रम लावतो, दोन विमानं एकाच वेळी धावपट्टीवर येणार नाहीत हे पाहतो आणि जमेल तशी आसपासच्या विमानांची माहिती देतो. हवेत दोन व्हीएफआर विमानांना वेगळं ठेवणं त्याचं काम नाही. ‘टॉवरशी बोलतोय, म्हणजे टॉवर बघतोय’ हा समज धोकादायक आहे. धावपट्टीभोवतीच्या पॅटर्नमध्ये मान सतत फिरती हवी.

बरेच टॉवर रात्री बंद होतात. मग तेच क्षेत्र ई किंवा जी होतं, आणि हवामानाचे आकडेही त्याबरोबर बदलतात. बंद होण्याची वेळ आणि त्यानंतरचा वर्ग चार्ट सप्लिमेंटमध्ये दिलेला असतो. संध्याकाळच्या सोलोला निघण्याआधी तो वाचून ठेवा.

क्लास सी: रडारची सावली

अधिक वर्दळीच्या, रडार असलेल्या विमानतळांभोवती क्लास सी असतो. चार्टवर अखंड मजेंटा रेघेची दोन वर्तुळं. आतलं पाच नॉटिकल मैलांचं, जमिनीपासून विमानतळाच्या वर ४,००० फुटांपर्यंत. बाहेरचं दहा मैलांचं, १,२०० फूट एजीएलपासून तेवढ्याच उंचीपर्यंत. फ्लोरिडात शिकणाऱ्यांना डेटोना बीचचा क्लास सी लवकरच ओळखीचा होतो.

प्रवेशाचा नियम डीसारखाच, फक्त संवाद टॉवरऐवजी अप्रोच कंट्रोलशी. त्याशिवाय मोड सी ट्रान्सपाँडर हवा, आणि १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आउटही हवं. त्यामुळे विमान आपलं स्थान उपग्रहांवरून काढून स्वतःहून प्रसारित करतं. क्लास सीच्या वरून, १०,००० फुटांखाली, नुसतं ओलांडून जाणार असलात तरी ही दोन्ही उपकरणं लागतात.

इतकं का मागतात? कारण इथे नियंत्रक व्हीएफआर विमानाला आयएफआर विमानापासून वेगळं ठेवतो, आणि त्यासाठी तुम्ही त्याला पडद्यावर उंचीसह दिसायला हवं. दोन व्हीएफआर विमानांना मात्र इथेही एकमेकांची फक्त माहिती मिळते.

क्लास बी: परवानगी म्हणजे परवानगीच

सर्वांत गजबजलेल्या विमानतळांभोवती क्लास बी असतो. अटलांटा, शिकागोचं ओहेअर, लॉस एंजेलिस, फिनिक्सचं स्काय हार्बर ही त्यांतली काही. त्याचा आकार मराठी वाचकाला बारवेवरून चटकन कळेल. तळाशी अरुंद, आणि पायरी-पायरीने वर जावं तसा रुंद होत जाणारा. विमानतळाजवळ तो जमिनीला टेकतो. दूर जावं तसा प्रत्येक पायरीचा तळ उंच होतो आणि त्या तळाखालून छोटी विमानं जाऊ शकतात. माथा बहुतेक ठिकाणी १०,००० फुटांच्या आसपास. चार्टवर अखंड निळी रेघ, आणि प्रत्येक पायरीत माथा आणि तळ शेकड्यांमध्ये एकावर एक छापलेले.

इथे प्रत्येक विमानाला दुसऱ्या प्रत्येक विमानापासून वेगळं ठेवलं जातं. म्हणून नुसता संवाद पुरत नाही, स्पष्ट क्लिअरन्स लागतो. नियंत्रकाच्या तोंडून ‘क्लिअर्ड इन्टू द ब्राव्हो’ असे शब्द कानावर पडले पाहिजेत. तो तुमचं कॉल साइन घेतोय, दिशा सांगतोय, ट्रान्सपाँडरचा कोड देतोय, यांतलं काहीही क्लिअरन्स नव्हे. फ्लाइट फॉलोइंग घेत असलात, म्हणजे नियंत्रक आसपासच्या विमानांची माहिती देत असला, तरी हाच नियम. शंका आली तर सरळ विचारा, ‘क्लिअर्ड इन्टू द ब्राव्हो?’ याने कोणी हसत नाही. न विचारता आत शिरलात तर मात्र चौकशी होते.

ढगांचा नियम इथे सोपा आहे. तीन मैल दृश्यमानता आणि ढगांच्या बाहेर राहणं. अंतराचे आकडे नाहीत, कारण ढगातून बाहेर येणाऱ्या विमानापासून तुम्हाला दूर ठेवण्याचं काम नियंत्रकाने घेतलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं तसा आकडा बदलला, तो असा.

क्लास बीच्या मुख्य विमानतळापासून ३० नॉटिकल मैलांच्या वर्तुळात, जमिनीपासून १०,००० फुटांपर्यंत, तुम्ही क्लास बीमध्ये नसलात तरी मोड सी आणि एडीएस-बी आउट लागतं. हा सेरिटोसचा वारसा. पायऱ्यांच्या खालून जाताना वेगमर्यादा २०० नॉट.

विद्यार्थ्याला क्लास बीमध्ये सोलो जायचं असेल तर त्याच क्षेत्रात इन्स्ट्रक्टरबरोबर प्रशिक्षण झालेलं हवं आणि लॉगबुकात गेल्या ९० दिवसांतली त्याची सही हवी. ओहेअर, अटलांटा, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कचं केनेडी अशा काही विमानतळांवर तर सोलो विद्यार्थ्याला उतरायला आणि उडायला पूर्ण बंदी आहे.

क्लास ए: डोळे मिटून नव्हे, पण उपकरणांवर

१८,००० फुटांपासून फ्लाइट लेव्हल ६०० पर्यंत क्लास ए. इथे फक्त आयएफआर. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, फ्लाइट प्लॅन आणि क्लिअरन्स हवाच. सगळी विमानं एकमेकांपासून वेगळी ठेवली जातात. अल्टिमीटर सर्वांचा २९.९२ वर, म्हणजे सगळ्यांच्या उंच्या एकाच मापाने मोजल्या जातात. सुरुवातीच्या विमानांतून तुम्ही इथवर पोचणार नाही, पण चेकराइडला यावर प्रश्न येतोच.

ढग खाली उतरले तर

विमानतळावर दृश्यमानता तीन मैलांच्या खाली किंवा ढगांचा तळ १,००० फुटांच्या खाली गेला तर नियंत्रित क्षेत्रात नेहमीचं व्हीएफआर बंद होतं. तेव्हा स्पेशल व्हीएफआर मागता येतं. एक मैल दृश्यमानता आणि ढगांच्या बाहेर, एवढ्यावर क्लिअरन्स मिळू शकतो. पण तो वैमानिकाने स्वतः मागावा लागतो, नियंत्रक सुचवत नाही. रात्री त्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि तशी उपकरणं असलेलं विमान हवं. सोलो विद्यार्थ्याला तीन मैलांची अट असल्यामुळे हा मार्ग जवळपास बंदच असतो. हवामान तिथवर येण्याआधी परत फिरणं हाच त्याचा खरा पर्याय.

अक्षरांपलीकडचे अडथळे

वर्गांवर आणखी एक थर असतो. प्रोहिबिटेड क्षेत्र म्हणजे पूर्ण बंद, उदाहरणार्थ व्हाइट हाउसभोवतीचं पी-५६. रिस्ट्रिक्टेड क्षेत्रात तोफा, क्षेपणास्त्रं असं काही चालू असू शकतं. ते ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्या परवानगीशिवाय जायचं नाही. एमओए, म्हणजे लष्करी सरावाचं क्षेत्र. व्हीएफआर विमानाला तिथे परवानगी लागत नाही, पण लढाऊ विमानं त्याच हवेत उलटी-सुलटी वळत असतात. सराव चालू आहे का, हे विचारून मगच जा. त्याशिवाय तात्पुरते निर्बंध, म्हणजे टीएफआर. राष्ट्राध्यक्षांचा दौरा, वणवे, मोठे क्रीडासामने यांसाठी ते अचानक लागतात. चार्टवर ते छापलेले नसतात, नोटममध्येच, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनांमध्येच, सापडतात. वॉशिंग्टन डीसीभोवती ३० नॉटिकल मैलांचं खास नियमांचं क्षेत्र आहे. तिथून ६० मैलांच्या आत व्हीएफआर उडायचं तर एफएएचा ऑनलाइन कोर्स आधी पूर्ण करावा लागतो.

एक उड्डाण कागदावर

समजा, फिनिक्सजवळच्या डीअर व्हॅलीहून सेडोना आणि तिथून प्रेस्कॉटला सोलो क्रॉस-कंट्री आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सेक्शनल चार्टवर मार्ग आखा आणि रेघ जिथे जिथे वर्गाची हद्द ओलांडते तिथे खूण करा. प्रत्येक खुणेपाशी चार गोष्टी लिहा. आत जायला काय ऐकायला हवं, कोणती फ्रिक्वेन्सी, विमानात काय हवं, ढगांपासून किती अंतर.

डीअर व्हॅली क्लास डी, आणि डोक्यावर फिनिक्सच्या क्लास बीच्या पायऱ्या. म्हणजे उत्तरेकडे चढताना कोणत्या उंचीपर्यंत थांबायचं आणि कुठे पोचल्यावर पुढे चढायचं, हे आधी ठरवून लिहा. चढण्याच्या घाईत पायरीला डोकं लागणं, हीच इथली नेहमीची चूक. पश्चिमेला ल्यूक हवाई तळ आहे, लढाऊ विमानांच्या सरावामुळे तिथे वेगळे नियम आहेत. वारा त्या बाजूला ढकलत असेल तर जमिनीवरच्या खुणांवर लक्ष ठेवा. पुढचा बराच प्रवास क्लास ईमधून. इथे फ्लाइट फॉलोइंग मागा. नियंत्रकाला फुरसत नसेल तर मिळणार नाही, मिळालं तर डोळ्यांची एक जोडी वाढते.

सेडोनाची धावपट्टी उंच पठारावर, सुमारे ४,८०० फुटांवर आहे आणि तिथे टॉवर नाही. म्हणजे कोणीही परवानगी देणार नाही, तुम्हीच बोलत उतरायचं. प्रेस्कॉटला पुन्हा क्लास डी, आणि तिथे एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची विमानं सतत घिरट्या घालत असतात. दहा-पंधरा मैल आधीच टॉवरला हाक मारा, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर गर्दी असली तरी हद्दीपाशी पोचेपर्यंत तुमचं कॉल साइन कानावर पडलेलं असेल.

चार्टची तारीख तपासा. व्हीएफआर चार्ट दर ५६ दिवसांनी नवा येतो. टॅबलेटवरचा नकाशा अद्ययावत असला तरी त्याची बॅटरी उन्हात तापून बंद पडू शकते. वर्गांच्या हद्दी कागदावर लिहिलेल्या असू द्या.

मायदेशी परतल्यावर

व्यावसायिक परवाना घेऊन भारतात परतलात की डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, रूपांतरासाठी एअर रेग्युलेशन्स अभ्यासावं लागतं. इथे अमेरिकेची सवय काही ठिकाणी मोडावी लागते.

भारताच्या एआयपीनुसार, म्हणजे अधिकृत वैमानिकी माहिती-पुस्तिकेनुसार, इथलं आकाश डी, ई, एफ आणि जी या चार वर्गांत आहे. टर्मिनल क्षेत्रं, कंट्रोल झोन आणि विमानतळांचे ट्रॅफिक झोन डीमध्ये. त्यांच्या बाहेरच्या ज्या मार्गांवर एटीसी सेवा आहे ते ई, जिथे फक्त सल्लासेवा आहे ते एफ, उरलेलं जी. म्हणजे मुंबईचं आकाश कितीही गजबजलेलं असलं तरी ते बी नाही, डी आहे. आणि आयकाओच्या डीमध्ये व्हीएफआरलाही क्लिअरन्स लागतो. अमेरिकेत क्लास डीला कॉल साइन ऐकून आत शिरायची सवय झालेल्याने हा फरक डोक्यात घट्ट बसवावा.

ढगांचे आकडेही वेगळे आहेत. दृश्यमानता पाच किलोमीटर, ही तीन मैलांच्या जवळपास. पण ढगांपासून आडवं अंतर १,५०० मीटर, म्हणजे अमेरिकेच्या २,००० फुटांच्या अडीच पट, आणि वर-खाली दोन्हीकडे १,००० फूट. ‘वन-फिफ्टी-टू’ची खूण इथे चालत नाही. कंट्रोल झोनमधल्या विमानतळावर व्हीएफआर उडायला ढगांचा तळ किमान १,५०० फूट हवा. रात्रीचं व्हीएफआर अमेरिकेत सर्रास होतं, भारतात ते स्थानिक आणि प्रशिक्षण उड्डाणांसारख्या अपवादांपुरतंच. हवामान अहवालात दृश्यमानता मीटरमध्ये आणि दाब हेक्टोपास्कलमध्ये येतो.

आणखी एक थर संरक्षणाचा. निघण्याआधी एफआयसी आणि एडीसी क्रमांक घ्यावे लागतात, पैकी एफआयसी क्रमांक फ्लाइट इन्फॉर्मेशन सेंटरचा आणि एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी. पुण्याच्या लोहगावला नियंत्रण हवाई दलाचं, गोव्याच्या दाबोळीला नौदलाचं. तिथे नागरी विमानाच्या सोयीआधी लष्करी उड्डाणांचं वेळापत्रक चालतं, हे धरूनच बेत आखा.

नियंत्रण कितीही काटेकोर असलं तरी एक नियम दोन्ही देशांत सारखाच आहे. दृश्यमानता असेल तोवर बाहेर पाहून दुसऱ्याला टाळणं हे वैमानिकाचं कर्तव्य, क्लिअरन्स हातात असला तरी. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं आदळली आणि ३४९ माणसं गेली. दोन्ही विमानं नियंत्रित आकाशात होती, दोघांना वेगवेगळ्या उंच्या दिलेल्या होत्या. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. नियंत्रक अंतर ठरवून देतो, ते अंतर पाळणं कॉकपिटमध्येच होतं.

म्हणून परतल्यावर पहिल्या उड्डाणाआधी एक तास काढा. एका बाजूला अमेरिकेचे वर्ग आणि दुसऱ्या बाजूला एआयपीतले चार वर्ग लिहून, प्रत्येकापुढे ‘इथे मला कोण वेगळं ठेवतंय आणि कोणापासून?’ या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत मांडा. ज्या ओळीपाशी उत्तर अडेल, तीच ओळ घेऊन इन्स्ट्रक्टरकडे जा.